एकशे बारा गाड्यांचं डॉकिंग

तासगाव आगारात रहिमान मेकॅनिकने चौतीस वर्षं एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर आता तरी ग्रीसचे हात धुवावेत म्हणाला, तर नशिबी आणखी एकशे बारा गाड्या आल्या. त्यातली सगळ्यात मोठी वीतभर लांबीची.

गाड्या त्याच्या नव्हत्या, मुलाच्या होत्या. तौसीफला शाळेत असल्यापासून या छोट्या गाड्यांचं वेड. खेळण्यातल्या नव्हेत, हुबेहूब खऱ्यासारख्या, दारं उघडणाऱ्या, आत स्टेअरिंगसुद्धा असलेल्या. मस्कतला नोकरी लागल्यावर वेड कमी व्हायचं सोडून वाढलंच. रजेला यायचा तेव्हा बॅगेत कपडे चार आणि गाड्या चौदा. त्याची आई रहिमतबी म्हणायची, पोरगा परदेशी जाऊन भंगारवाला झाला. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. पुढं तौसीफचं लग्न झालं, बायकोलाही तिकडंच काम मिळालं, मुलगी झाली, आणि रजा दोन-दोन वर्षांनी मिळू लागली. घरात उरले रहिमान आणि एकशे बारा गाड्या.

त्यात तासगावची धूळ. द्राक्षांचे ट्रॅक्टर दारावरून जातात, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं. पण रहिमान एसटीचा माणूस. एसटीत ठरलेल्या दिवशी प्रत्येक गाडी आत घेतात आणि डोक्यापासून पायापर्यंत तपासतात, त्याला डॉकिंग म्हणतात. त्यानं या गाड्यांनाही डॉकिंग लावलं. रोज सोळा, म्हणजे आठवड्यात सगळ्यांची पाळी. दाढीचा कोरा ब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि एक मऊ फडकं, एवढीच अवजारं. पाण्याचा थेंब नाही, कारण पाणी ॲक्सलमध्ये शिरतं. छपराला हात नाही, गाडी खालून धरायची. ज्या हातांनी बसचं चाक उतरवलं त्याच हातांनी तो नखाएवढे आरसे पुसायचा, आणि श्वास रोखून पुसायचा.

शुक्रवारी तौसीफला सुट्टी. इकडं रहिमान जुम्म्याची नमाज पढून आला की व्हिडिओ कॉल यायचा. रहिमान मोबाईल फळीवरून हळूहळू फिरवायचा आणि पोरगा तिकडून इन्स्पेक्शन करायचा. तिसऱ्या ओळीतल्या काळ्या गाडीच्या आरशामागं बघा, म्हणायचा. रहिमान चष्मा लावून बघायचा, तर खरंच तिथं धूळ. मग दोघं हसायचे.

खरं सांगायचं तर या बाप-लेकाला दुसरं बोलताच येत नव्हतं. आई होती तोवर एकाचं दुसऱ्याला तीच सांगायची. ती गेल्यावर "जेवलास का" आणि "जेवलो" एवढ्यात संभाषण आटपायचं. गाड्यांनी ते तोंड उघडलं होतं. टायरवरून गोष्ट निघायची आणि गुडघ्यावर यायची, कुठल्याशा काचेवरून नातीच्या तापावर जायची, बघता बघता तास सरायचा. रहिमान आठवडाभर एकशे बारा गाड्या पुसायचा ते त्या एका तासासाठी. हे त्याला नीट माहीत होतं, फक्त कबूल करायची सवय नव्हती.

मग तौसीफला बापाची दया आली. त्यानं सांगलीच्या एका सुताराकडून काचेचं कपाट करवून घेतलं. दारांच्या कडांना रबराची पट्टी, मुंगीसुद्धा आत जायची नाही. दोन माणसं येऊन ते भिंतीला बसवून गेली. अब्बा, आता सुटलात तुमी, म्हणाला तौसीफ.

अब्बा सुटले ते पार सुटलेच. पहिल्या शुक्रवारी कपाटाच्या कौतुकात अर्धा तास गेला. दुसऱ्या शुक्रवारी दहा मिनिटं. पुढं "सगळं ठीक ना?" एवढा मेसेज येऊ लागला, त्याला रहिमान अंगठा पाठवायचा. पोराचा दोष म्हणता येणार नाही. बोलायला विषय लागतो, आणि विषय तर कपाटात बंद झाला होता. दोनदा रहिमाननं आपणहून फोन लावला. तर तौसीफ घाबरूनच विचारायचा, अब्बा, काय झालं? काही नाही म्हटल्यावर दोघंही गप्प. अशा गप्पपणाला परदेशचा फोन कशाला हवा, तो घरात फुकट होता.

शेवटी फेब्रुवारीत त्यानं कपाटाचं दार बोटभर उघडं ठेवलं. विचार साधा होता. थोडी धूळ बसेल, पोराला सांगता येईल, पोरगा म्हणेल बघू बघू.

चूक झाली ती एकच. घराच्या भिंतीला लागून शेजारच्या भाऊसोचं बेदाण्याचं शेड आणि बेदाण्याचा हंगाम ऐन भरात. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. नवखा माणूस त्या वासानं नाक धरून पळेल. रहिमाननं तो तीस वर्षं घेतला होता, त्याच्या नाकाला आता तो लागतच नव्हता. धूळ कपाटात शिरली तशी धुरीही शिरली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मार्चमधल्या एका शुक्रवारी त्यानं फोन लावला आणि सांगितलं, की कपाटात धूळ शिरतेय. तौसीफचा चेहरा खुलला. मोबाईल जवळ न्या म्हणाला, पहिली ओळ दाखवा, दुसरी दाखवा. रहिमानही खुलला. आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तौसीफ थांबला.

"अब्बा, त्यो बंपर काळा का दिसतोय?"

रहिमाननं चष्मा चढवला. बंपर, दिव्यांच्या कडा, चाकांच्या टोप्या, जे जे चकाकत होतं त्यावर धुरीनं काळपट डाग चढले होते. एका गाडीवर नाही, वीस-पंचवीस गाड्यांवर. जन्मभर बसचा गंज काढलेल्या माणसाच्या नाकासमोर हे झालं होतं, आणि त्याला वरची धूळ तेवढी दिसली होती.

तौसीफ रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात विचारत राहिला. पाणी लावलं का? तेल लावलं का? दार नीट लागतं का?

दार म्याच उघडं ठिवलं, तुझा फोन यावा म्हणून. हे वाक्य रहिमानच्या ओठावर तयार होतं. पण अडुसष्टाव्या वर्षी पोटच्या पोराला असं सांगायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं झालं असतं. त्यानं दुसरंच सांगितलं.

"दार लावायचं ध्यानात ऱ्हात न्हाई रं आता."

तौसीफनं मोबाईल तोंडाजवळ घेतला.

"कवापासनं हुतंय असं, अब्बा?"

"झालं की म्हैना-दोन म्हैनं."

त्या दिवशी बोलणं दीड तास चाललं. तौसीफनं झोपेचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, काल काय जेवलात ते विचारलं. सुनेनं मध्येच येऊन डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं, नातीनं पापा दिला. बाप विसरभोळा झाला या काळजीनं पोरगा तिकडं अर्धा झाला होता, आणि इकडं बाप इतका सुखात होता की त्यानं दोन-तीन गोष्टी मुद्दाम विसरल्यासारखं केलं.

पुढच्या बुधवारी सांगलीहून अनीश आला. तौसीफचा शाळेतला दोस्त, त्यालाही गाड्यांचा नाद. त्याच्या घरी गाड्यांसाठी वेगळी बंद खोली होती. येताना त्यानं सहा खोकी आणि भरपूर कापूस आणला होता. चाचा, तौसीफ म्हणला तुम्हाला आता त्रास नको, सगळ्या माझ्याकडं ठेवतो, डागही काढतो, असं तो अगदी मायेनं म्हणाला. रहिमाननं अजूनही खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. माझी याददाश्त ठीक आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग दार उघडं का होतं, तेही सांगावं लागलं असतं. तो उठला आणि गाड्या भरायला लागला. एकशे बाराही त्यानं आपल्या हातानं कापसात ठेवल्या. अनीशनं एक उचलली तेव्हा तेवढं बोलला, छपराला हात लावू नगंस, खालनं धर.

शुक्रवारी तो नमाज पढून आला आणि नेहमीच्या जागी बसला. त्याला पक्कं वाटत होतं की आज तौसीफ तब्येत विचारायला फोन करणार. पावणेतीनला मोबाईल वाजला. अनीश होता.

"चाचा, त्या लाल गाडीचं मागचं दार उघडंना झालंय. जोर लावू का?"

जोर नगं, म्हणाला रहिमान. डाव्या बाजूला खाली बारीक खिट्टी आहे, ती नखानं दाब. तिकडं खुडबुड झाली, मग दार उघडल्याचा बारीक आवाज आला, आणि अनीशच्या दुसऱ्या मोबाईलवरून कुणीतरी आनंदानं हसलं. ते हसणं रहिमाननं लगेच ओळखलं. आरशामागं बघ म्हणून तौसीफ अनीशला सांगत होता. मग त्याचा आवाज जरा मोठा झाला.

"अब्बा हायत व्हय फोनवर? सलाम सांग त्यास्नी."

"चाचा, तौसीफ सलाम सांगतोय."

"ऐकलं," रहिमान म्हणाला. "माझाबी सांग त्याला."