खाऱ्या पाण्यातले देव

"अगं झुंबर, देव पाण्यात घालतेत, लोणच्यात न्हाई! मीठ कशाला टाकून राह्यली?"

थोरली जाऊ द्वारकाबाई दारातच थबकली. झुंबरबाईच्या मुठीतलं खडेमीठ घंगाळात पडलं होतं. तळाशी देव्हाऱ्यातले देव बसले होते: खंडोबाचा टाक, भवानीचा टाक आणि रांगणारा पितळी बाळकृष्ण. संकट टळेस्तोवर देवांनी पाण्यात राहायचं, ही वडीगोद्रीत चालत आलेली रीत. त्या पाण्यात मीठ मात्र आजवर कुणी टाकलं नव्हतं.

"तिकडचं पाणी खारं असतंय म्हणं," झुंबरबाई म्हणाली. "मह्या लेकराच्या तोंडात खारं अन् देवाच्या तोंडात गोड? कळू द्या त्यान्ला बी."

"पाप लागंल, बाई!"

"लागू द्या. कोरडं व्हायचं त्यांच्याच हातात हाय."

लेक मच्छिंद्र नौदलात. सत्त्याण्णव साली तो शिडाच्या होड्यांच्या मोठ्या शर्यतीत उतरला. आफ्रिकेच्या टोकापासून ऑस्ट्रेलियापर्यंत नुसतं पाणीच पाणी. जन्म दर्यावर काढलेले पट्टीचे खलाशी त्यात होते, तसे हौसेनं आलेले डॉक्टर होते, मास्तर होते, एक पाव भाजणारासुद्धा होता. इंजिन लावायचं नाही, वारा नेईल तसं जायचं. सुट्टीत त्यानं हे सांगितलं तेव्हा झुंबरबाईचे कारभारी मोसंबीला आळं करत होते. मान वर न करता ते लेकाला म्हणाले होते, "वाऱ्याच्या भरवशावर ज्वारी उपणावी. मानूस धाडू न्हाई."

आणि काल रस्त्यावरच्या गोपीकिशनच्या दुकानात मच्छिंद्रच्या मुंबईच्या मित्राचा फोन आला. होड्या वादळात सापडल्यात. मच्छिंद्रच्या होडीचा वायरलेस बोलत नाही.

गावाला मात्र शर्यतीचंच पडलं होतं. भावकीतल्या काकासाहेबांनी बँडसुद्धा सांगून ठेवला होता. ओसरीवर टेकत ते म्हणाले, "वयनी, देवाला पयला नंबर मागा. फाट्यापासून मिरवत आनतो पोराला!"

"नंबर तुमी मागा, भावजी. म्या लेकरू मागून राह्यले."

डाळ भरडायला ती जात्यावर बसली. खुंटा हातात आला की तिच्या तोंडी आपसूक ओवी यायची. आज आली ती कुणी शिकवलेली नव्हती.

वाऱ्या माझ्या बंधूराया, शीड भर हलक्या हाती
भाचा तुझा पाण्यावर, जीव माझा काठावरती

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवांपुढं आली आणि बघतच राहिली. घंगाळातलं पाणी ताजं होतं, नितळ. बाजूला जमिनीवर मिठाचे चार खडे सांडलेले. कारभारी अंगणात पाठमोरे बसून खुरप्याला धार लावत होते. तिनं सांडलेले खडे वेचून घंगाळात टाकले. पुढं रोज पाणी बदललेलं असायचं आणि रोज खारं असायचं.

मग एका दुपारी तराजू तसाच लोंबकळत सोडून गोपीकिशन धापा टाकत आला. "मावशी, जल्दी चला! मच्छिंद्र बोलून राह्यला, परत लावतो म्हनला. काका, तुमी बी!"

दुकानात फोनचा आवाज खोल आडातून यावा तसा येत होता.

"माय, आमी पुढं व्हतो. मंग एका होडीची डोलकाठी मोडली. आमी मागं फिरलो, त्यांची मानसं आपल्या होडीत घेतली. समद्यात शेवटी आलो, माय."

"पाय कशावर हाय तुहा?"

"आं?"

"पाय रे, पाय! कशावर उभा हाईस?"

"फरशीवर."

"कोरडी हाय?"

पलीकडं तो हसला की हुंदका आला, ते कळलं नाही. "कोरडी हाय, माय."

तिनं फोन कारभाऱ्यांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "मागं फिरला, ते बराबर केलं." एवढंच.

काकासाहेबांनी बँडवाल्यांना नको म्हणून कळवलं. शेवटच्याला कुणी मिरवतं का?

झुंबरबाईनं देव बाहेर काढले. चिंच लावून घासले, पदरानं कोरडे केले. टाक उजळले. बाळकृष्णाच्या टेकलेल्या गुडघ्याच्या घडीत मात्र हिरवा कळंक चढला होता. कितीही घासला तरी तो तिथंच राहिला.

मच्छिंद्र सुट्टीवर आला तेव्हा फाट्यावर एकटे कारभारी उभे होते. त्यांनी लेकाची पेटी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. तो नको नको म्हणत राहिला, पण घर येईस्तोवर त्यांनी ती दिली नाही.

अंघोळ करून मच्छिंद्र देव्हाऱ्यापुढं बसला. बाळकृष्ण हातात घेऊन उजेडाकडं धरत म्हणाला, "माय, ह्याला हे हिरवं कशानं?"

झुंबरबाई चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली,

"गेल्ता तो बी तुह्यासंगं."

मच्छिंद्रनं दोरानं चिरलेला आपला अंगठा त्या हिरव्या गुडघ्यावर ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.