सेनापती थांबाथांबाचं शिरस्त्राण

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा बरं. समजा, तुमच्यापुढे एक काळाकुट्ट बुरूज आहे. त्याचं दार आठवड्यातून एकदाच उघडतं, रविवारी दुपारी चार वाजता, आणि बरोबर दहा मिनिटांनी बंद होतं. आत ड्रॅगन आहे. बाहेर तुम्ही सहा जण चिलखत चढवून उभे आहात. दार करकरत उघडतं, आणि तेवढ्यात तुमची सेनापती म्हणते, "जरा थांबा हं. पिशवी लावून घेते."

आता डोळे उघडा. असं एकदा नाही, वर्षभराहून जास्त, दर रविवारी होत आलं होतं. बुरूज खरा नव्हता, एका ऑनलाइन खेळातला होता. सेनापती मात्र अगदी खरी होती. ती ठिपकीची आत्या.

ठिपकी अकरा वर्षांची. नाकाच्या शेंड्यावर तीळ, म्हणून घरात सगळे तिला ठिपकी म्हणायचे. आत्या घड्याळं दुरुस्त करायची. रविवारी दुकानाला सुट्टी असे, तेव्हा मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडून दोघी खेळायला बसत. भिंतीवर दुरुस्तीला आलेली सतरा घड्याळं सतरा वेगवेगळ्या वेळा दाखवत टिकटिकत असत. बरोबर वेळ दाखवणारं एकच, दारावरचं.

आत्याच्या कामाची एक रीत होती. घड्याळ उघडण्याआधी ती टेबलावर हिरवं कापड अंथरायची. त्यावर चिमटे, पेचकस, ब्रश लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडायची. मग डोळ्याला भिंग लावायची आणि त्यानंतरच पहिला स्क्रू सोडवायची. वीस वर्षांत तिच्या हातून एकही स्क्रू हरवला नव्हता. गिऱ्हाइकं तिच्याकडे घड्याळ देऊन निर्धास्त घरी जात. पण हीच रीत तिने खेळातही नेली होती. सेनापतीच्या पिशवीत तीनशे बारा वस्तू होत्या. औषधाच्या बाटल्या रंगाप्रमाणे, बाण लांबीप्रमाणे आणि चाव्या गंजाप्रमाणे लावायच्या. ते होईपर्यंत बुरुजाचं दार बंद व्हायचं. नमनालाच घडाभर तेल!

आणि हे तिला सांगणार कोण? टोळीत आणखी चार जण होते, दूरदूरच्या गावांतले, एकमेकांना फक्त आवाजाने ओळखणारे. ढालवाला एरवी बस चालवायचा. वैद्य खरोखरीची दातांची डॉक्टर होती. धनुष्यबाणवाले दोघे जुळे भाऊ होते आणि एकाचं वाक्य दुसरा पुरं करायचा. ड्रॅगनच्या तोंडात उडी घ्यायला चौघेही एका पायावर तयार, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हटलं की सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

म्हणून ठिपकीने वेबकॉमिक काढायला घेतलं. दर रविवारी सकाळी एक पान. ते इंटरनेटवर चढलं की कुणीही वाचावं. त्यात त्या खेळाची आणि खेळणाऱ्यांची यथेच्छ फिरकी घेतलेली असे. एक शूर योद्धा होता. तो डोंगरावरून उडी मारायचा, पण गुडघ्याएवढं कुंपण आडवं आलं की रडकुंडीला यायचा. त्याच्याकडचं सर्वांत भारी शिरस्त्राण दिसायला चाळणीसारखं होतं, आणि बूट गुलाबी. गावाच्या वेशीवर एक म्हातारा उभा असायचा. येईल त्याला म्हणायचा, उंदरांच्या दहा शेपट्या आणून दे. वर्षानुवर्षं लोक आणून देत होते. त्याचं घर शेपट्यांनी छपरापर्यंत भरलं होतं, तो अंगणात झोपायचा, तरी मागणं चालूच. आणि या सगळ्यांच्या वर होता सेनापती थांबाथांबा. युद्ध पेटलं की हा पिशवी उघडून बसायचा. त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण शिरस्त्राण तो कधी काढतच नसे.

कॉमिकची सर्वांत मोठी चाहती कोण असेल? आत्या! हसून हसून तिची पुरेवाट व्हायची. "असा एक नमुना प्रत्येक टोळीत असतोच बघ," ती डोळे पुसत म्हणायची, आणि हळूच विचारायची, आपला तो ढालवालाच ना गं हा? ठिपकी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसायची. सगळ्या टोळीला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त आत्याला.

त्या रविवारी पन्नासावं पान यायचं होतं. वाचकांनी कधीपासून धोशा लावला होता की शिरस्त्राण काढा, आत कोण आहे दाखवा. ठिपकी हो म्हणून बसली होती. पान तयार होतं, शेवटची चौकट तेवढी कोरी होती. सकाळ गेली, दुपार झाली, पान काही चढेना. दुसऱ्याच दिवशी तो बुरूज खेळातून कायमचा काढून टाकणार होते, म्हणजे ड्रॅगनला गाठायचं तर आजच.

ठिपकीला मात्र ड्रॅगनपेक्षा मोठी भीती त्या कोऱ्या चौकटीची होती. दुसऱ्या कुणाचं तोंड काढलं तर ते खोटं झालं असतं. खरं काढलं आणि आत्या दुखावली तर? ज्या पाटीवर ठिपकी चित्रं काढायची ती कॉम्प्युटरला जोडायची पाटी आत्यानेच दिली होती. बाकी सगळे म्हणत, पुरे झाल्या त्या रेघोट्या. आत्या म्हणायची, पुढचं पान कधी? तिने जर या टेबलावरची दुसरी खुर्ची उचलून ठेवली, तर असे रविवार पुन्हा कुठून आणायचे?

दारावरच्या घड्याळाने चार ठोके दिले. बुरुजाचं दार करकरलं.

"जरा थांबा हं," आत्या म्हणाली आणि सवयीने भिंग डोळ्याला लावून पिशवी उघडून बसली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कानातल्या यंत्रात चौघांचे उसासे ऐकू येत होते. तिसऱ्या मिनिटाला आत्या लाल बाटल्या संपवून निळ्यांवर आली, आणि ठिपकीने पेन उचललं. भराभर रेघा ओढल्या. भिरकावलेलं शिरस्त्राण. अंबाडा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. आणि एका डोळ्याला भिंग. आणखी काही काढायची गरजच नव्हती. तिने श्वास रोखला आणि पान चढवून टाकलं.

चार गावांत चार फोन वाजले असावेत, कारण उसासे एकदम थांबले. पाचवा फोन हिरव्या कापडाशेजारी वाजला.

"अगं, आलं पान!" आत्याने पिशवी तशीच सोडली, फोन उचलला आणि डोळ्यावरचं भिंग न काढताच त्यात डोकावली.

आत्याने हळूच भिंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. ओळीत नाही, कुठेतरी. ठिपकीने हे पहिल्यांदाच पाहिलं.

"ठिपके, ही मी?"

"हो," ठिपकी म्हणाली. या वेळी तिने मान खाली घातली नाही. "दार बंद होतं गं आत्या. दर वेळी."

आत्याने कानातल्या यंत्रात विचारलं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं का? ढालवाल्याने खाकरून तिसऱ्या पानापासून असं कबूल केलं. वैद्यबाईंनी पहिल्यापासून म्हणून सांगितलं. जुळ्यांपैकी एक म्हणाला, आम्ही तर कॉमिक निघायच्याही, आणि दुसरा म्हणाला, आधीपासून.

आत्याचे खांदे हलू लागले. रडतेय की काय, म्हणून ठिपकी अर्धी उठली. पण आत्या हसत होती, आधी खुदुखुदु आणि मग टेबलावरचे चिमटे थरथरतील इतकं खदखदून.

"म्हणजे पन्नास पानं मी स्वतःलाच हसत होते! आणि काय गं, पेन्सिल मी डावीकडे खोचते, तू उजवीकडे काढलीस. पुढच्या पानात नीट काढ."

ठिपकी पुन्हा खुर्चीत टेकली. दारावरचं घड्याळ चार वाजून सात मिनिटं दाखवत होतं. आत्याचा हात आपसूक निळ्या बाटल्यांकडे निघाला. तो तिने मागे ओढला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर चक्क बसली. त्याआधी मात्र तिने सेनापतीचं शिंग ठिपकीच्या पिशवीत टाकलं होतं. शिंग ज्याच्याकडे, हुकूम त्याचा; ते फुंकलं की टोळी आत घुसणार.

ठिपकीने शिंग घ्यायला पिशवी उघडली. आत हा पसारा! निळ्या बाटल्यांच्या रांगेत एक लाल बाटली डोकं वर काढून उभी. ठिपकीची बोटं शिवशिवली. एकच तर बाटली, उचलून पलीकडे ठेवायची.

"जरा..." तिच्या तोंडून निघालं.

चौघांनी श्वास रोखले. शेजारी हातांवर बसलेल्या आत्याची भुवई सावकाश वर चढली.

ठिपकीने जीभ चावली, लाल बाटली तशीच राहू दिली, फाडकन पिशवी मिटली आणि शिंग फुंकलं.