कापडाची आई

मी कापडाची आई बोलतेय. वर्ध्यातल्या एका दवाखान्यात, मुलांच्या मनाचे डॉक्टर बसायचे त्या खोलीत माझं आयुष्य गेलं. तिथे काम करणाऱ्या सुलोचनाबाईंनी १९९५ साली जुन्या लुगड्यातून मला शिवलं. माझ्याबरोबर कापडाचा एक बाप शिवला, एक मूलही. तोंडाने सांगता येत नाही ते मुलं आमच्याशी खेळून सांगतात, असं डॉक्टर म्हणायचे.

पुष्कळ मुलं आली नि गेली. मनात राहिला तो पवनारचा निकेश. पाच वर्षांचा. मी त्याला 'तो' म्हणतेय, कारण सगळे तसंच म्हणत होते. वडील चंद्रभान भाजीपाला पिकवायचे आणि रोज वर्ध्याच्या बाजारात विकायचे. आई गोपिका.

"हा पोट्टा मायच्या बांगड्या घालून राह्यला," चंद्रभान म्हणाला. "'जेवलो' म्हन म्हटलं, तं 'मी जेवली' म्हनतो. मारलं तरी आयकत नाई."

डॉक्टरांनी आम्हा तिघांना सतरंजीवर मांडलं. निकेशने बापाला हातच लावला नाही. मला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाला, "मी पोरगी हावो." अगदी सहज, नाव सांगावं तसं.

डॉक्टर वाईट नव्हते. ते समजावून सांगू लागले, "मूल आधी आईलाच 'मी' समजतं. मुलगी तिच्यासारखी होत वाढते. मुलाला मात्र आईपासून सुटावं लागतं. बापाचा धाक वाटतो, बाप आवडतोही. मग तो ठरवतो, आपण याच्यासारखं व्हायचं. तुमच्याकडे बाप दिवसभर बाजारात, आणि आई त्याला सोडत नाही."

"मंग मी का करू?" गोपिकाने विचारलं.

"थोडं दूर राहा. जवळ घेऊ नका. वडिलांजवळ निजू द्या."

ती तसंच वागली. पुढच्या खेपांना ती खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसायची. निकेश तिच्या गुडघ्याशी आला की भिंतीकडे बघायची.

पावसाळा सरता सरता निकेश शिकला. कापडाच्या बापाला हातात धरून, आवाज जाड करून म्हणाला, "मी आलो." चंद्रभानने त्याची पाठ थोपटली. डॉक्टर समाधानाने हसले. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

सात-आठ वर्षांनी आई त्याला पुन्हा घेऊन आली. ओठांवर कोवळी लव. शाळा सोडलेली, घरात कोणाशी बोलणं नाही. आता डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्यांनी मागचं सारं विचारलं तेव्हा गोपिकाने सांगितलं, निकेश तीन वर्षांचा असताना त्याची तान्ही बहीण गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती अंथरुणातून उठलीच नव्हती.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आई हरवतेय असं त्याला वाटलं असेल. ती हातची जाऊ नये म्हणून तो स्वतःच आई होऊ लागला. अशा मुलाला तर जवळ घ्यायला हवं होतं."

गोपिका म्हणाली, "तवा जवळ घेतलं म्हून चुकली. आता दूर ठेवलं म्हून चुकली. कोनाचंबी पुस्तक उघडा बाई, आत मीच."

बाई निकेशकडे वळल्या. त्यांनी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं? तू कोण आहेस?"

"तवा सांगतलं होतं," निकेश म्हणाला. "कोनी आयकलं?"

गोपिकाने त्याच्या केसांवरून फिरवायला हात पुढे केला. तो मागे सरकला. रागाने नाही; परक्या माणसाचा हात आल्यावर सरकावं तसा. तिने हात तसाच पदरात नेला.

पुढच्या तारखेला ती दोघं आली नाहीत. नंतरही कधीच नाही.

आता या खोलीत औषधांची रिकामी खोकी भरली आहेत. कापडाचा बाप उंदरांनी कुरतडला. माझी पोटाची शिवण उसवली आहे. जाता जाता एखादी विनंती करायची रीत असते; माझी एवढीच असती, की लेकराचं ऐका. पण ती ज्या लेकरासाठी करायची, ते आता लेकरू राहिलेलं नाही.