दहा खाटांचं दान

“‘...वेळेवर दवाखान्याची सोय न मिळाल्यामुळे बाळंतपणात स्वर्गवासी झालेल्या आमच्या सूनबाई कै. सौ. गीताबाई यांच्या स्मरणार्थ,’” गोपाळ मास्तरांनी वाचून संपवलं आणि कागद सतरंजीवर ठेवला. “संगमरवरावर कोरायचा आहे मजकूर. दर्शनी भिंतीत.”

“बरोबर लिहिला हाये,” रंगराव म्हणाले.

दाराशी उभ्या असलेल्या प्रेमलाबाईंचे हात अजून ओले होते. आतल्या खोलीतलं बाळंतपण नुकतंच आटोपलं होतं. कमिटीची सभा नेहमी प्रसूतिगृहाच्या ओसरीवरच भरायची, कारण देऊळगाव राजात मंडळाला दुसरी जागाच नव्हती. भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे, चार खाटा. चौदा वर्षं त्या इथल्या नर्सबाई होत्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस त्या आणि एक आया.

आणि आज रंगराव एस.टी. स्टँडजवळची एक एकर जागा, वर दहा खाटांची पक्की इमारत बांधून द्यायला निघाले होते. त्यांचं गाव तीन कोसांवर, घरी जीप, चार गावांत शेती. पंचायत समितीची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. पायाचा दगड त्याआधी बसावा, एवढीच त्यांची घाई.

“मग ठराव मांडू?” मास्तर चिटणीस होते. त्यांनी दौतीचं टोपण काढलं.

“थांबा,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “ते खोटं आहे.”

रंगरावांनी मान वळवली.

“काय खोटं हाये, बाई?”

“सोय मिळाली नाही म्हणता. मी आले होते.”

अध्यक्ष लक्ष्मीकांत वकिलांनी चष्मा काढला. “कुठे आला होतात?”

त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, ऐन दुपारी, रंगरावांच्या गावची सुईण तानुबाई कोणाला न सांगता बैलगाडी घेऊन आली होती. बाळ आडवं आहे, पोरीच्या कळांचा दुसरा दिवस चालू आहे, म्हणाली. प्रेमलाबाई पिशवी घेऊन तशाच गाडीत बसल्या. रंगरावांच्या दारात पायरीवर उभ्या राहिल्या, ते दिवे लागेपर्यंत. आतून गीताचा आवाज येत होता. आधी मोठा, मग बारीक होत गेलेला. रंगराव बाहेर येऊन म्हणाले होते, आमच्या घरची बाई परक्याच्या हातात जात नाही. सकाळी गीता गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

“तानुबाईला गावातून काढतील म्हणून मी आजवर बोलले नाही,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “ती मागच्या वर्षी वारली.”

एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ते दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं असतं, तर कोणी अंगाला हात लावला नसता. त्या ढकलू शकल्या असत्या.

रंगरावांचा चेहरा लाल झाला होता. “मी जमीन देऊन राह्यलो, भीक मागून नाही राह्यलो. घरातलं मयत चावडीवर काऊन आणता?”

“ते तुम्ही दगडावर आणताय,” त्या म्हणाल्या.

वकिलांनी रंगरावांना जरा अंगणात बसायची विनंती केली. ते उठून कडुनिंबाखाली जीपजवळ जाऊन उभे राहिले. मग मास्तर हलक्या आवाजात पण तावातावानं बोलू लागले.

“बाई, दोन ओळींसाठी दहा खाटा घालवायच्या? मागच्या महिन्यात किती बायका परत पाठवल्या? तुम्हीच सांगितलंत मला.”

“सात.”

“मग?”

“मलाच हव्यात हो त्या खाटा. तुमच्या मागे मीच लागले आहे इतकी वर्षं. पण मास्तर, त्या गावच्या बायांना सगळं ठाऊक आहे. त्या वाचता येणाऱ्याकडून दगड वाचून घेतील. मग मी त्यांना आत काय सांगू? वेळेवर या म्हणून?”

वकिलांनी विचार करून तोड काढली : दगडावर नुसतं नाव घालायचं, मरणाचं कारण नाही. रंगरावांना बोलावलं. ते म्हणाले, “ठीक हाये. नुसतं नाव.”

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. कागदावर ओळी खोडल्या. प्रेमलाबाईंनाही वाटलं, आता गप्प बसावं. दहा खाटा डोळ्यांपुढे दिसत होत्या. पांढऱ्या चादरी, खिडक्या, नळाचं पाणी. पण रंगरावांच्या मुलाचं दुसरं लग्न झालं होतं आणि नवी सून गरोदर होती, हेही त्यांना ठाऊक होतं.

“तुमच्या नव्या सूनबाईंना कितवा महिना?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाले काय करायचं त्याच्याशी?”

“सहावा असेल. तिला इथे तपासायला पाठवा. बाळंतपण इथेच होऊ द्या. मग आम्ही जागा घेऊ.”

“बाई!” मास्तर जवळजवळ ओरडलेच. “हे आता नवीन काय?”

“नवीन नाही. हेच पहिलं विचारायला हवं होतं.”

रंगराव प्रेमलाबाईंकडे नाही, वकिलांकडे पाहून बोलले. “वकीलसाहेब, हे बाई तुमची नोकर हाये का मालक?”

लक्ष्मीकांत वकील रंगरावांच्या वडिलांपासून त्या घराच्या जमिनीचे खटले चालवत आले होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“रंगराव, बाईंनी विचारलं त्याचं उत्तर द्या. सूनबाईंना पाठवाल? हो की नाही, एवढंच.”

“आमच्या घरात तशी रीत नाही.”

“मग मंडळाला ही देणगी घेता येणार नाही.”

जीप धूळ उडवत गेली. मास्तरांनी दौत, कागद, टाक पिशवीत भरले आणि कोणाशी न बोलता निघून गेले. त्या घराचे खटलेही दुसऱ्या वकिलाकडे गेले.

रंगराव निवडून आले. स्टँडजवळच्या जागेवर त्यांनी सरकीचं गोदाम बांधायला घेतलं. इकडे पावसाळ्यात पत्रे गळू लागले, तशी चौथी खाट बाहेर ओसरीत काढावी लागली. श्रावणात एका बाईला जागा नाही म्हणून जालन्याच्या एस.टी.त बसवून दिलं. ती वाटेतच बाळंत झाली. बाई वाचली, मूल गेलं. बातमी घेऊन मास्तर आले. ओसरीवर उभे राहून एवढंच म्हणाले, “दहा खाटा असत्या तर?”

त्या दिवशी प्रेमलाबाईंनी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

पंधरा दिवसांनी दुपारच्या एस.टी.नं दोन बाया आल्या. एक पन्नाशीची, कपाळापर्यंत पदर ओढलेली. दुसरी कोवळी, पोट धरून पावलोपावली थांबणारी.

“नर्सबाई तुम्हीच का?” थोरलीनं विचारलं. “मी विमल. तुम्हाले जमीन देऊन राह्यले होते ना, त्यायच्या घरची. हे अन्नपूर्णा, आमची सून. सकाळपासून कळा येऊन राह्यल्या.”

“तुमचे मालक?”

“बुलढाण्याले मीटिंगले गेले. म्या इचारलं नाही कोणाले. जन्मात पहिल्यांदा एस.टी.त बसली मी.” विमलबाईंना धाप लागली होती. “तुम्ही जमीन घेतली नाही, ते घरात समजलं मले. काऊन घेतली नाही, तेही समजलं. तवाच मनात धरलं होतं.”

प्रेमलाबाईंनी आत पाहिलं. आतल्या तिन्ही खाटा भरलेल्या, ओसरीतली चौथीही. “खाट नाही हो एकही. खाली गादी घालावी लागेल. तुम्हाला चालेल?”

“खालीच निजू द्या,” विमलबाई म्हणाल्या. “गीता सागवानी पलंगावर मेली.”

बाळ पायाळू होतं. तीन तास लागले. विमलबाई भिंतीला टेकून सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटी मुलीचा टाहो ऐकू आला, तेव्हा त्यांनी दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं आणि आवाज न करता रडल्या. कोणासाठी, हे प्रेमलाबाईंनी विचारलं नाही. “त्या दिवशी मीही दारातच थांबले होते,” एवढंच त्या म्हणाल्या.

“मी तं आत होती,” विमलबाई म्हणाल्या.

रंगराव आले नाहीत, जीपही आली नाही. सातव्या दिवशी दोघी निघाल्या.

“घरात घेतील ना?” प्रेमलाबाईंनी विचारलं.

“घेतलं तं घेतलं. नाही तं दुसरबीडले माझा भाऊ हाये.” विमलबाईंनी नातीला लुगड्याच्या घडीत गुंडाळलं आणि दुसऱ्या हातानं सुनेचा दंड धरला. पदर आज खांद्यावरच होता.

एस.टी.चा आवाज चढावर विरत गेला. ओसरीत पहाटेपासून एक बाई उकिडवी बसून होती, तिचा नवरा बाजूला बिडी विझवत उभा होता. प्रेमलाबाई आत गेल्या. भिंतीकडेची गादी उचलली. ती अजून उबदार होती. त्यांनी ती झटकून उलटी घातली, वर धुतलेली चादर ओढली आणि हाक मारली, “या बाई आत.”