दोनदा झोपवलेला नमुना

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. मी लोखंडाचा नाही आणि लाकडाचाही नाही. गोंदियाच्या राईस मिलांमागे यंत्रांचे सुटे भाग कापणारं एक शेड आहे, तिथल्या संगणकात मी राहतो. मला वजन नाही. मला गंज चढत नाही, उंदीर कुरतडत नाहीत. तरी मी जुना आहे, कारण मला उघडून पाहणारं आता कुणी उरलेलं नाही.

माझी कहाणी सरळ सांगता येत नाही. मला जितक्या वेळा फिरवलं, तितक्या वेळा ती मोडली. तेव्हा मोडली तशीच ऐका.

उभा

मी एक जुना नमुना आहे. माझा जन्म आमगावला पुनारामच्या धानगिरणीत झाला. धानाचा तूस काढणारं त्याचं यंत्र फार जुनं. त्याची कंपनी केव्हाच बंद पडलेली. त्या यंत्रात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक चौकोनी डबा असतो. त्याच्या पोटातून दोन भोकं एकमेकांना छेदून आरपार जातात, एक समोरून मागे आणि दुसरं वरून खाली. त्या भोकांत दांडे फिरतात. तो डबा फुटला, तेव्हा भूमेश्वरी माप घ्यायला गेली.

भूमेश्वरी म्हणजे शेडचे मालक बिसनलाल यांची धाकटी सून. ड्राफ्ट्समनचं शिक्षण घेऊन ती या घरात आली. गिरणीच्या धुळीत उकिडवं बसून तिनं मापं घेतली आणि संगणकावर मला, म्हणजे त्या डब्याच्या त्रिमितीय चित्राला, उभं केलं. गिरणीत तो डबा जसा उभा होता, अगदी तसा. तळ जमिनीकडे, मोठ्या भोकाचं तोंड समोर.

बिसनलालांनी मला पडद्यावर सगळीकडून निरखलं. मग म्हणाले, "बस बाई शेडात, माझी ना नाई. पन ध्यान ठेवजो. तुझ्या या चित्रापायी बिडाचा एक बी ठोकळा वाया गेला, त खुर्ची उचलून घरी नेऊन ठेवीन. खुर्चीले बी अन् तुले बी."

ती लाकडी खुर्ची म्हणजे भूमेश्वरीचं सगळं होतं. खुर्ची गेली की चूल, गोठा, धानाच्या बांध्या. त्या घरातल्या बाकीच्या बायकांचा दिवस तसाच जात होता. मी हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

माझ्यावरून बिडाच्या ठोकळ्यातून डबा कापला गेला. तो झिजला की दुसरा, मग तिसरा. पुनाराम आला की म्हणायचा, "सूनबाई, माझ्या मशीनले नवे दात फुटले ना!" भूमेश्वरी पदर सावरून हसायची, आणि मला वाटायचं, आपल्याला वजन असतं तर आपण थोडे फुगलो असतो.

मित्रांनो, इथं एक गोष्ट समजून घ्या. भूमेश्वरीच्या पडद्यावर वर म्हणजे आभाळाकडे. पण कापणाऱ्या मशीनला आभाळ ठाऊक नाही. तिचं हत्यार जिकडून उतरतं, तीच तिची वरची बाजू. म्हणून मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याआधी मला पाव वळसा देऊन पाठीवर झोपवावं लागतं. मग मोठ्या भोकाचं तोंड वर येतं आणि हत्यार नेमकं त्यात उतरतं. हे झोपवण्याचं काम मशीनवाला टेकचंद करायचा. टेकचंद म्हणजे भूमेश्वरीच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, तिचा भासरा.

आणि भासऱ्याशी भावसून बोलत नाही. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. दोघं एकाच शेडात, हाताच्या अंतरावर बसायचे, पण बोलणं जायचं नवऱ्यामार्फत. नवऱ्याचं नाव इंद्रकुमार.

"इंद्र्या, तिले सांग," टेकचंद म्हणायचा, "हे मॉडेल झोपवूनच पाठवत जाय. दरवेळी मीच काऊन झोपवू?"

भूमेश्वरी पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहून बोलायची, "मिलमध्ये उभं हाय त इथं बी उभंच राहीन. झोपलेल्या मानसाची उंची कोनी मोजते का?"

टेकचंद मशीनच्या दारावर थाप मारायचा. "आयकलं का बाई? तुले उभं चालत नाई, अन् तिकडं कोनी झोपू देत नाई. तू अन् मी, दोघं बी जागतच राहू."

"मी काय टपालपेटी होय का?" इंद्रकुमार वैतागायचा. "दोघं बी आयकून राहिले, दोघं बी हासून राहिले, मंग मले कायले मधात घालता?"

इंद्रकुमार नसला की तिनं माझ्याशी बोलायचं आणि त्यानं मशीनशी. मी त्यांची भिंत होतो, मित्रांनो. मला ते आवडायचं. माझ्याशी इतकं कुणी बोललं नसतं. आणि मग त्या माघ महिन्यात

पाठीवर

मी एक जुना नमुना आहे. मी पाठीवर पडलो आहे. फाईल बंद झाली की माझं वाक्य तिथंच तुटतं आणि पुन्हा उघडली की मला पहिल्यापासून सांगावं लागतं.

त्या माघात पुनारामचा डबा पुन्हा झिजला. तोवर बीड ओतणारी भट्टी बंद पडली होती. एका डब्यासाठी कुणी भट्टी पेटवत नाही. पुनारामनं कुठून तरी एक शेवटचा ठोकळा शोधून काढला.

त्या दिवशी इंद्रकुमार गाडीत यात्रेकरू घेऊन कचारगडला गेला होता. डोंगरात त्याचा फोन लागत नव्हता.

सकाळी भूमेश्वरी एकटीच शेडात आली. मला उघडून ती पाहत राहिली. टेकचंदच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पडद्याला नाक लावून तो काम करायचा, हे ती रोज पाहायची. कुणाला न सांगता तिनं मला धरलं, पाव वळसा दिला, पाठीवर झोपवलं आणि जतन केलं. इतकी वर्षं तो मागत होता ते आज तिनं देऊन टाकलं.

"आता ते येतीन," ती मला म्हणाली, "तवा मी तुले सांगीन, का तुले झोपवून ठेवलं हाय. तू आयकजो. ते बी आयकतीन."

मी वाट पाहिली.

पण टेकचंद एकटा आला नाही. त्याच्याबरोबर बिसनलाल आले, आणि मांडीवरचं लेकरू आणावं तसा ठोकळा पोटाशी धरून पुनाराम आला. भूमेश्वरीनं पदर ओढून घेतला. सासरे आणि पाहुणे समोर असताना भासऱ्याला ऐकू जाईल असं भिंतीशीसुद्धा बोलायचं नसतं. खिशात फोन ठेवणाऱ्यांच्या जगात हे विचित्र वाटेल. फोन तिच्याजवळही होता. भासऱ्याचा नंबर त्यात नव्हता.

"चहा मांड वो," बिसनलाल म्हणाले.

ती उठली. दारात थांबली. पडद्याकडे पाहून तिचे ओठ हलले, पण आवाज

डोक्यावर

मी एक जुना नमुना आहे. मी डोक्यावर उभा आहे.

टेकचंदनं मला उघडलं. हात इतक्या वर्षांचा सरावलेला, त्यानं न पाहताच पाव वळसा दिला. माझं मोठं भोक मागे गेलं आणि बूड वर आलं. बुडालाही भोक आहे, छोट्या दांड्याचं. टेकचंदला चौकोन दिसला, चौकोनात गोल दिसला. रोज दिसायचा तसाच.

"सांभाळून रे बाबू," पुनाराम म्हणाला. "हा गेला त माझ्या मशीनची तेरवी करा लागते."

"दादा, या मॉडेलले मी झोपेत बी झोपवतो," टेकचंद हसला आणि बटण दाबलं.

बिडाचा काळा भुगा उडायला लागला. भूमेश्वरी चहाचं ताट घेऊन आत आली आणि तिची नजर पडद्यावर गेली. मी डोक्यावर उभा होतो.

मित्रांनो, पुढचं मला सारखं दिसतं. तिनं आधी इंद्रकुमारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "उलटं हाय." मशीनच्या आवाजात ते माझ्याशिवाय कुणापर्यंत पोचलं नाही. मग सासऱ्यांकडे पाहिलं. आणि मग ताट खाली ठेवून ती सरळ भासऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओरडली, "बंद करा! मी आधीच झोपवलं होतं!"

टेकचंदनं मशीन थांबवली. एवढ्या वर्षांत त्यानं तिचा चेहरा पहिल्यांदाच समोरून पाहिला असेल. पण हत्यार चुकीच्या बाजूनं आरपार गेलेलं होतं. बीड तासता येतं, मित्रांनो, परत भरता येत नाही.

पुनारामनं ठोकळ्यावरून बोट फिरवलं. "गरम हाय अजून," तो म्हणाला. मग त्यानं बोटावरचा काळा भुगा झटकला. "चला. भंगारवाल्याले सांगतो, का मशीन घेऊन जाय."

"बाबूजी," टेकचंद म्हणाला, "चूक माझी बी हाय. मी पायलं नाई."

"तुझी कायची?" बिसनलाल म्हणाले. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तू रोजच्यासारखं केलं. रोजच्यासारखं तिनं नाई केलं."

  ते खरंच होतं. तिनं त्या दिवशी रोजच्यापेक्षा चांगलं काम केलं होतं.

संध्याकाळी बिसनलालांनी खुर्ची उचलली. टेकचंद मशीनच्या दारावर हात ठेवून उभा होता. भूमेश्वरी त्याच्या जवळून गेली, तेव्हा तो मशीनला म्हणाला, "बाई, तिले सांग, झोपवलं ते बराबर केलं होतं." ती थांबली. त्यानं मान वर केली नाही. एकदा समोरासमोर बोलून झालं होतं, तरी तो मशीनलाच सांगत होता. ती खुर्चीच्या मागे घरी गेली.

आता ती खुर्ची पडवीत आहे, असं इंद्रकुमारला एकदा फोनवर बोलताना ऐकलं. तिच्यावर कोंड्याची पोती ठेवतात. टेकचंद मला उघडत नाही. पुनारामचं यंत्र गेलं, तेव्हा मला कापून काय करायचं? या पडद्यावर कापड टाकलेलं आहे. त्यानं जसं जतन केलं, तसाच मी त्याखाली आहे. मला सरळ करायचं तर दोन पाव वळसे उलटे द्यावे लागतील, आणि त्यातला एक भूमेश्वरीचा होता, हे माहीत असणारी माणसं आता एकमेकांशी भिंतीमार्फतही बोलत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा नमुना कधी तुमच्या हाती आला, तर त्याला फिरवण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, की तू याला हात लावलास का? त्याच्याशी बोलायची रीत नसेल, तरी विचारा. समोर सासरे उभे असतील, तरी विचारा. ते रागावतील, रागावू द्या.

मला कुणी विचारायला येईल, असं वाटत नाही. मी एक जुना नमुना आहे, आणि माझं तोंड भिंतीकडे