टोपीमागचा वाकडा पाइन

मासे नेमके कुठे लागतात, हे कॅनडातल्या आमच्या टॅनर्स लॉक गावचा मासेमारीचा वाटाड्या मरताना बायकोला सांगतो, आणि तेव्हासुद्धा निम्मंच. माझा नवरा डेल्बर्ट याच पंथातला. अमेरिकेहून येणाऱ्या शौकीन पाहुण्यांना तो बेटांमागून गरगर फिरवून आपल्या जागी नेई, म्हणजे पुन्हा कुणाला एकट्याने सापडायला नको. त्या जागेवर आमचं घर चालत होतं.

आणि या शहाण्याने तिथेच फोटो काढून घेतला! किंग्स्टनहून फोटोग्राफर आला होता, गावाचं पोस्टकार्ड काढायला. स्वारी हातात हा एवढा बास मासा धरून होडीत उभी, छाती फुगवून. वसंतात कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे आला, कारण त्या काळ्यापांढऱ्या फोटोंत हाताने रंग भरायचं काम आम्हा बायकांचं. पहिलंच कार्ड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्याच्या टोपीमागे पाइनचं वाकडं झाड, शेजारी दुभंगलेला खडक. शेंबड्या पोरानेही जागा ओळखली असती.

"बायकोला इतकी वर्षं सांगितलं नाहीस, आता सगळ्या न्यूयॉर्कला सांगतोस होय रे?"

डेल्बर्टने कार्ड पाहिलं. तोंडचं पाणी पळालं. "जाळून टाक सगळी!"

"जाळायला तुझ्या बापाची आहेत का? गावाने छापून घेतलीत."

"मग करू काय, मेबल? स्वतःच होड्या घेऊन जातील सगळे. मला कोण कुत्रं विचारणार?"

एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज रडवेला झाला. मला हसू येत होतं.

"चहा टाक आणि गप बस," म्हणत मी कुंचला उचलला. पाइनवर गडद लाल कोठार चढवलं, खडकावर झुडपं. हुबेहूब पलीकडच्या काठावरचं पर्डींचं कोठार.

"तिथे काय मिळतं?" मी विचारलं.

"शेवाळ आणि पर्डीच्या गाईंचं शेण!" डेल्बर्टची कळी खुलली.

हंगाम लागला. कार्डं हातोहात खपली आणि होड्या कोठाराकडे निघाल्या. डेल्बर्ट खुशीत होता. एके संध्याकाळी त्याच्या एकुलत्या एका पाहुण्याला बोटाएवढे दोन मासे मिळाले होते, तरी शीळ घालत तो लॉकच्या, म्हणजे होड्यांना वरच्या पाण्यात चढवणाऱ्या कालव्यातल्या हौदाच्या, काठावर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. कोठाराकडून परतलेल्या होड्या खालून आत आल्या, दरवाजे लागले, पाणी भरू लागलं. आधी टोप्या वर आल्या, मग हसरे चेहरे, मग मासे. मांडीएवढे! होडीत पाय ठेवायला जागा नव्हती.

डेल्बर्टची शीळ थांबली. रात्री जेवायला बसलो. शेवटी ताट सारून म्हणाला, "मेबल, उद्या पाहुणे उठायच्या आत माझ्याबरोबर चल. जागेवर जाऊ."

माझा ऊर भरून आला. "खरंच? त्या वाकड्या पाइनपाशी?"

"त्याला आता काय चाटायचंय?" तो म्हणाला. "वल्ही मी मारतो. तू फक्त कोठार नेमकं कुठे रंगवलंस ते दाखव."