ओततानाचे मीठ: शून्य

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे, धक्क्याखालचा, समुद्राकडून तिसरा. मंगळवारी जे ऐकले त्याने मी अजून सुन्न आहे. एकतीस वर्षे पाण्यात काढली, पण माझ्याच पोटात काय दडले आहे याचा मला पत्ता नव्हता!

मला घडवले ते सरळ मिस्त्रींनी. त्यांचा ओळंबा कधी चुकला नाही, म्हणून हे नाव. त्यांनी साच्यात सळया उभ्या केल्या, वाळू, खडी आणि सिमेंटचा माल ओतला आणि मग आठवडाभर मला ओल्या गोणपाटात लेकरासारखे गुंडाळून ठेवले. शाळेची बोट रोज आमच्या जोरावरच मुले चढवते, उतरवते. आधी लोक थाप मारून म्हणत, "काय खांब आहे!" पुढे अंगाला शिंपले चिकटले, केसाएवढी चीर पडली, पण कोणी ढुंकून पाहिले नाही.

यंदा तपासायला आली ती मिस्त्रींचीच लेक. ती इंजिनीअर आहे. समुद्राचे मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून किती वर्षांत किती आत शिरते, याचे गणित ती संगणकावर मांडते. मीठ सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, फुगते आणि आम्हाला आतून फोडते. त्या गणितात एक रकाना होता, 'ओततानाचे मीठ'. तिथे तिने शून्य लिहिले. बाबांनी ओतलेला खांब, विचारायचे काय त्यात! उत्तर आले, अजून वीस वर्षे काळजी नाही.

तरी नियम म्हणून ड्रिलवाल्याने मला भोक पाडले आणि दर बोटाबोटाच्या खोलीवरची भुकटी वेगळ्या पुडीत भरली. मंगळवारी त्या भुकटीच्या तपासणीचा निकाल आला. आपला खांब पाहायला मिस्त्रीही धक्क्यावर आले होते.

कागद वाचता वाचता लेकीचा चेहरा उतरला.

"बाबा, मीठ बाहेरून शिरलं तर आत कमी कमी होत जातं. इथे पार मध्यापर्यंत भरलंय."

"यंत्र बिघडलं असेल तुझं."

"दोनदा तपासलंय."

ड्रिलवाला हसला. "ताई, हा खांब आहे की मिठाची बरणी?"

मिस्त्री हसले नाहीत.

"त्या दिवशी टँकर आलाच नाही गं. माल अर्धा ओतून झालेला. मुकादम म्हणाला, पाणी ते पाणी."

"किती बादल्या घातल्या?"

"बादल्या कसल्या... समुद्रालाच पंप लावला होता."

"फक्त याला?"

"या ओळीतल्या सगळ्यांना."

माझ्या अंगातली सळईन् सळई शहारली. नुकत्याच जन्मलेल्याला पाण्याची चव काय कळणार?

लेकीने शून्य खोडून खरा आकडा घातला. वीस वर्षे पुसली गेली. गंज तर कधीच सुरू झाला होता.

"बाबा, धक्का आत्ता बंद करायला हवा."

"माझं नाव जाईल गं, पोरी."

"चारला शाळेची बोट येते."

मिस्त्री उठले, धक्क्याच्या टोकाला गेले आणि स्वतःच्या हातांनी आडवा दोर बांधला. बोट जवळ येताच नावाडी ओरडला, "काय हो मिस्त्री, पोरांना अडवता?"

"खांब सडलेत! मीच ओतलेत! बोट तिकडे वाळूवर लाव!"

मुले गुडघाभर पाण्यातून, दप्तरे डोक्यावर घेऊन उतरली. देवाने राखले. सकाळीच ती सगळी आमच्या डोक्यावरून उड्या मारत गेली होती.

आता मला पाडणार आहेत. माझी तक्रार नाही. एवढेच मागणे आहे, मित्रांनो, की जे ठाऊक नाही तिथे शून्य लिहू नका. घरच्या माणसालाही विचारा. आणि नवा खांब ओताल तेव्हा मालात पाणी घालण्याआधी त्याचा एक थेंब जिभेवर ठेवून पाहा.